वीस पौंडांच्या नोटेवरचा चित्रकार



आईबाबांकडे वीस पौंडांची नोट असेल तर जरा मागून घ्या. (परत द्यायची आहे, बरं का!) एका बाजूला राणी किंवा राजा असेल. नोट उलटी करा. मोठ्या डोळ्यांचा, सरळ तुमच्याकडे पाहणारा एक तरुण दिसेल आणि त्याच्या मागे एक शिडाचे जहाज. ही नोट २० फेब्रुवारी २०२० रोजी चलनात आली. त्या तरुणाचे नाव जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर. चेहराही त्याने स्वतःच काढलेला आहे, साधारण चोविसाव्या वर्षी, आरशात बघून. मागचे जहाज त्याच्याच १८३९ सालच्या तैलचित्रातले आहे.

तैलचित्रांमुळे टर्नर जगभर प्रसिद्ध झाला, पण आज मला सांगायचे आहे ते त्याच्या जलरंगांविषयी. आपल्या वर्गात दिवाळीच्या आधी पणत्या रंगवायला आपण ॲक्रिलिक काढतो आणि भेटकार्डांना जलरंग. दोन्ही पाण्यातच कालवायचे, मग फरक काय, असे मुले विचारतात. फरक मोठा आहे. ॲक्रिलिक वाळले की त्याचे प्लॅस्टिक होते. मग वरून कितीही पाणी ओता, ते हलत नाही आणि चुकले तर वरून दुसरा रंग देऊन झाकता येते. जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. वाळल्यावरही पाणी लागले की तो पुन्हा सुटतो. शिवाय तो पारदर्शक असतो. खालचा कागद त्यातून दिसतो, म्हणून गडद रंगावर फिका रंग चढत नाही. पांढरे हवे असेल तर कागदच कोरा सोडायचा. आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात केलेले काम मागे फिरवायची सोय असते, जलरंगात ती नाही. पालकांपैकी ज्यांनी महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना ओला वॉश वाळेपर्यंत श्वास रोखून बसणे आठवत असेल.

टर्नरच्या काळी ॲक्रिलिक नव्हतेच, ते चित्रकारांच्या हाती आले १९५० च्या दशकात. त्याच्याकडे होता फक्त हा हट्टी जलरंग. आयुष्यभर त्याने त्याच्याशी झटापट केली आणि जे जमत नाही असे सगळे म्हणत, ते त्याच्याकडून करून घेतले.

टर्नरचा जन्म १७७५ साली लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डन भागात, मेडन लेन नावाच्या अरुंद गल्लीत झाला. वडील विल्यम न्हावी होते. त्या काळी श्रीमंत लोक डोक्यावर केसांचे टोप घालत, ते तयार करण्याचे कामही न्हावीच करत. दुकानात नट, व्यापारी, चित्रकार अशी नाना तऱ्हेची गिऱ्हाइके येत. मुलगा चित्रे काढतो याचे वडिलांना इतके कौतुक की त्याची चित्रे ते दुकानाच्या खिडकीत टांगत आणि एकदोन शिलिंगांना विकत. दाढी करता करता गिऱ्हाइकाला सांगत की माझा मुलगा चित्रकार होणार आहे. आपला मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर होणार असे सांगणारे वडील आपण पुष्कळ पाहिले आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका न्हाव्याने हे सांगावे, याचे मला फार नवल वाटते.

घरात मात्र सुख नव्हते. धाकटी बहीण मेरी ॲन १७८३ साली पाच वर्षांची असण्याच्या सुमारास गेली. आई मेरी मनाने आजारी होती. तिला अचानक फार संताप येई, तो कोणाला आवरत नसे. दहाएक वर्षांच्या मुलाला मग ब्रेंटफर्डला मामाकडे पाठवले. मामा खाटीक होता. तिथे मामाच्या एका ओळखीच्या माणसाकडे छापील चित्रांचे पुस्तक होते, इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींचे. ती काळी-पांढरी चित्रे रंगवून देण्याचे काम या मुलाला मिळाले आणि त्याचे पैसेही. आजच्या भाषेत ही त्याची पहिली नोकरी!

पुढे त्याने टॉमस मॉल्टन नावाच्या चित्रकाराकडे इमारतींची चित्रे काढायला शिकले. खांब, कमानी, खिडक्यांच्या रांगा, लांब जाणारी रेषा कुठे जाऊन मिळते ते, सगळे मोजूनमापून. मॉल्टन आपला खरा गुरू, असे टर्नर नंतरही मानत असे. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे वाचून बरे वाटले. पुढे ज्याच्या चित्रात धुक्याशिवाय काही दिसत नाही अशी लोकांनी थट्टा केली, त्या माणसाने सुरुवात केली ती फूटपट्टीने.

१७८९ च्या डिसेंबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याचे एक जलरंगचित्र लागले, लॅम्बेथच्या धर्मगुरूंच्या वाड्याचे. गंमत अशी की त्या शाळेत तेव्हा फक्त रेखाटन शिकवत, रंगवायला शिकवतच नसत. रंग जो तो बाहेरून शिके.

टर्नर ते शिकला एका डॉक्टरच्या घरी. डॉ. टॉमस मन्रो यांना जलरंगचित्रे जमवण्याचा नाद होता. १७९४ पासून तीनेक वर्षे, हिवाळ्याच्या संध्याकाळी, ते काही तरुणांना घरी बोलावत आणि आपल्या संग्रहातली चित्रे नकलायला देत. संध्याकाळचे काही शिलिंग मिळत आणि वर रात्रीचे जेवण. टर्नरबरोबर त्याच्याच वयाचा टॉमस गर्टिन असे. गर्टिन रेषा काढी आणि टर्नर त्यात वॉश भरी. समोरची बरीचशी चित्रे होती जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराची, निळ्या-राखाडी डोंगरांची आणि खोल दऱ्यांची. कझन्सचे मन त्या वेळी पूर्ण ढासळलेले होते आणि त्याच्यावर उपचार करणारे होते हेच डॉ. मन्रो. ते बेथलेम या मनोरुग्णांच्या इस्पितळाचे डॉक्टर होते. १८०० साली टर्नरच्या आईला त्याच इस्पितळात ठेवले गेले आणि १८०४ मध्ये ती वारली. आईविषयी टर्नर कधी बोलत नसे. आपणही याहून जास्त बोलू नये.

गर्टिन १८०२ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. जलरंगात तो टर्नरच्या तोडीचा होता, असे मानणारे आजही आहेत. त्याच वर्षी टर्नर अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला. वय सव्वीस!

आता तो रंगवायचा कसा ते पाहू, कारण मुलांना त्यातच जास्त रस असणार.

त्या काळचे लोक जलरंगाला दुय्यम समजत. आधी पेन्सिलीने चित्र काढायचे, मग राखाडी छटा, मग वरून पातळ रंग. म्हणजे रंगवलेले रेखाचित्रच. प्रदर्शनात तैलचित्रे मोठ्या दालनात आणि जलरंग बाजूच्या खोलीत. टर्नरने विचार केला की जलरंगात रंग चढवता येतो तसा काढताही आला पाहिजे. कोरा ठेवलेला कागद हाच एक पांढरा रंग का असावा? आधी गडद वॉश द्यायचा. वाळल्यावर जिथे उजेड हवा तिथे स्वच्छ पाण्याने भिजवलेला कुंचला फिरवायचा. डिंक सुटला की टिपकागद दाबायचा, रंग वर उचलला जातो. मग पावाच्या चुऱ्याने तेवढी जागा घासून साफ करायची. झाला ढगातून आलेला उन्हाचा झोत! ही पद्धत टर्नर वापरतो, असे जोसेफ फॅरिंग्टन नावाच्या चित्रकाराने १८०४ साली आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. टर्नर स्वतः फारसे कुणाला सांगत नसे.

याहून बारीक उजेड हवा असेल, म्हणजे लाटेवरची चकाकी किंवा दूरच्या खिडकीतला दिवा, तर तो कागदच खरडून काढी. चाकूने, कुंचल्याच्या दांड्याच्या टोकाने आणि अंगठ्याच्या नखाने. त्यासाठी एका अंगठ्याचे नख त्याने मुद्दाम लांब वाढवले होते. (हे वाचून नखे न कापण्याचे निमित्त कोणी शोधू नये.) खरडणे कागदाने सोसले पाहिजे, म्हणून कागद चांगला लागे. इंग्लंडमधले व्हॉटमन यांचे गिरणीतले कागद चिंध्यांपासून केलेले, जाड आणि वरून सरसाचा लेप दिलेले असत. घासले, धुतले तरी फाटत नसत. रंगाच्या वड्यासुद्धा नव्याच निघालेल्या होत्या. त्याआधी चित्रकाराला पूड घोटत बसावे लागे. रीव्ह्ज बंधूंना तयार वड्यांबद्दल १७८१ साली बक्षीस मिळाले, तेव्हा टर्नर सहा वर्षांचा होता. म्हणजे तो अगदी वेळेवर जन्माला आला म्हणायचे. हुशार माणसांच्या चरित्रांत कागद आणि वड्या करणाऱ्यांचे नाव सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम दिले.

मोठे काम करायचे तर तो कागद फळीवर ताणून बसवी. फळीच्या मागे मूठ लावलेली असे. ती धरून अख्खी फळी पाण्यात बुडवायची, बाहेर काढायची आणि ओल्या कागदावर रंग सोडायचा. रंग आपोआप पसरतो, एकमेकांत मिसळतो, संगमरवरासारख्या शिरा उमटतात. तो कागद जरा सुकायला ठेवायचा आणि दुसरी फळी घ्यायची. मग तिसरी, मग चौथी. चार चित्रे एकाच वेळी चालू! कारखान्यात एक यंत्र थंड होईपर्यंत दुसरे चालवावे, तसा हा प्रकार. वाळण्याची वाट बघत बसणे त्याला परवडणारे नव्हते. पुस्तकांत छापण्यासाठी इंग्लंडमधल्या गावांची, नद्यांची, बंदरांची शेकडो चित्रे त्याने केली. हिंदुस्थानात तो कधीच गेला नाही. पण एका लष्करी अधिकाऱ्याने आणलेल्या रेखाटनांवरून त्याने एका पुस्तकासाठी हिमालयाचीसुद्धा जलरंगचित्रे केली. ते पुस्तक १८३० च्या दशकात लंडनमध्ये निघाले.

टर्नर रंगवताना सहसा कोणाला जवळ येऊ देत नसे. पण एका मुलाने ते पाहिले. यॉर्कशरमध्ये फार्नली हॉल नावाचा वाडा आहे. तिथले वॉल्टर फॉक्स हे टर्नरचे जिवलग मित्र. त्यांनी त्याची दोनशेहून अधिक जलरंगचित्रे घेतली होती. टर्नर दरवर्षी तिथे जाई, शिकारीला जाई, मुलांशी खेळे. बाहेरच्या जगात तुसडा म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस त्या घरात अगदी मोकळा असे. फॉक्स यांचा थोरला मुलगा हॉक्सवर्थ त्याचा खास दोस्त. १८१० च्या सुमारास एकदा डोंगरावर मोठे वादळ झाले. टर्नर दारात उभा राहून एका पत्राच्या मागच्या बाजूला भराभरा काहीतरी काढत होता. हॉक्सवर्थने चांगला कागद आणून देऊ का असे विचारले, तर त्याने हाच ठीक आहे म्हणून सांगितले. वादळ ओसरल्यावर तो मुलाला म्हणाला की दोन वर्षांनी हे तुला पुन्हा दिसेल. १८१२ च्या प्रदर्शनात एक प्रचंड तैलचित्र लागले. हानिबाल आपले सैन्य घेऊन आल्प्स ओलांडतो आहे आणि त्याच्या डोक्यावर काळेकुट्ट हिमवादळ. ते वादळ यॉर्कशरचे होते.

पण मला जास्त आवडते ती १८१८ सालची गोष्ट. सकाळी न्याहारीच्या वेळी फॉक्स म्हणाले की युद्धनौका किती मोठी असते याची कल्पना येईल असे एक चित्र काढून द्या. टर्नर हॉक्सवर्थला घेऊन खोलीत गेला. हॉक्सवर्थ तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्याने जे पाहिले ते पुढे जन्मभर सांगितले. टर्नरने आधी कागदावर पातळ रंग ओतला, कागद चिंब होईपर्यंत. मग तो फाडू लागला, खरडू लागला, घासू लागला, जणू अंगात आल्यासारखा. बराच वेळ कागदावर नुसता गोंधळ होता. हळूहळू त्या गोंधळातून जहाज वर येऊ लागले. लाकडी बाजू, तोफांच्या खिडक्यांच्या तीन रांगा, खाली पाण्यात सामान भरणाऱ्या चिमुकल्या होड्या. दुपारच्या जेवणाला टर्नर चित्र हातात घेऊन खाली आला. समोर जहाज नव्हते, बंदर नव्हते, एक टिपणसुद्धा नव्हते. जवळपास समुद्रही नाही! सगळे डोक्यात साठवलेले. ते चित्र आज बेडफर्डच्या संग्रहालयात आहे. जेमतेम चाळीस सेंटिमीटर रुंद आहे, पण बघताना मान वर करावीशी वाटते.

डोक्यात साठवलेले म्हटले, पण त्यामागे वह्या होत्या. टर्नर चालत फिरायचा, दिवसाला वीस-पंचवीस मैलसुद्धा. खिशात लहान वही, पेन्सिल आणि चामड्याची एक घडी, जिच्यात रंगाच्या वड्या चिकटवलेल्या. १८०२ मध्ये तो पहिल्यांदा आल्प्समध्ये गेला आणि १८१९ मध्ये इटलीत. व्हेनिसची सकाळ रंगवताना त्याने इतका थोडा रंग वापरला आहे की चित्रातला बहुतेक उजेड हा कोऱ्या कागदाचाच आहे. त्याच्या सुमारे तीनशे वह्या आज शिल्लक आहेत.

या सगळ्या काळात वडील त्याच्याबरोबर राहत. दुकान बंद करून ते मुलाचे मदतनीस झाले. कॅनव्हास ताणणे, चित्रांना वॉर्निश देणे, स्वयंपाक, बाग. ट्विकनमला टर्नरने स्वतः आराखडा करून एक छोटे घर बांधले. ते आजही आहे आणि बघता येते. लंडनमधली चित्रांची गॅलरी उघडायला वडिलांना तिथून रोज शहरात यावे लागे. भाड्याचे पैसे जास्त पडतात म्हणून त्यांनी भाजीवाल्याची गाडी गाठली. जिनचा एक पेला पाजला की तो भाजीच्या ढिगावर बसवून त्यांना शहरात सोडी! १८२९ मध्ये वडील गेले. त्यानंतर टर्नर फार खचला, असे त्याच्या मित्रांनी लिहून ठेवले आहे. त्याने लग्न केले नाही. वडील हेच त्याचे घर होते.

टर्नर अकॅडमीत प्राध्यापकही होता, दूरचे आणि जवळचे कसे दाखवावे या विषयाचा. त्याची व्याख्याने कोणाला कळत नसत, तो तोंडातल्या तोंडात बोले. पण त्यासाठी त्याने मोठमोठ्या आकृत्या स्वतः जलरंगात रंगवल्या होत्या. टॉमस स्टोथर्ड नावाचा एक वयस्क चित्रकार कानाने अधू होता, तरी नेमाने येऊन बसे. ऐकण्यासारखे नसले तरी बघण्यासारखे खूप आहे, असे त्याचे म्हणणे.

१८४२ साली, सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने आपली सगळ्यांत सुंदर जलरंगचित्रे केली. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्न नावाचे गाव आहे. तिथल्या खोलीच्या खिडकीतून तळ्यापलीकडे रिगी हा डोंगर दिसतो. टर्नरने तो पहाटे पाहिला, सकाळी पाहिला, संध्याकाळी पाहिला. एक निळा रिगी, एक लाल, एक गडद. निळ्या रिगीमध्ये सूर्य अजून डोंगरामागे आहे. पातळ निळ्या रंगाचे थर एकावर एक चढवले आहेत आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक रेघा. आकाशात शुक्राची चांदणी. खाली कोपऱ्यात नुकताच बंदुकीचा आवाज झाला आहे, बदके उडाली आहेत आणि कुत्र्यांनी पाण्यात उड्या टाकल्या आहेत. सगळे शांत आणि तेवढीच एक खळबळ.

ही चित्रे विकायची पद्धत त्याने नवीच काढली. आधी नमुन्याची छोटी चित्रे केली आणि ग्रिफिथ नावाच्या दलालाकडून ती गिऱ्हाइकांना दाखवली. पसंत पडेल त्याचे मोठे चित्र करून मिळेल, किंमत ऐंशी गिनी. दहा चित्रांचा बेत होता. लोकांनी नाके मुरडली. हे काही त्याच्या जुन्या पद्धतीचे नाही, म्हणाले. मोठ्या मिनतवारीने नऊ खपली आणि दहावे ग्रिफिथने आपल्या दलालीपोटी घेतले. त्यांतला निळा रिगी २००६ साली लिलावात ५८ लाख पौंडांना गेला. तो देशाबाहेर जाऊ नये म्हणून सरकारने परवाना थांबवला, लोकांनी वर्गणी काढली आणि २००७ मध्ये टेट संग्रहालयाने तो घेतला. पाच पौंड दिले की त्या चित्रातला एक फटकारा तुमच्या नावावर, अशी योजना होती. शाळकरी मुलांनासुद्धा परवडणारी! लाल रिगी आता ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आहे.

म्हातारपणी टर्नर चेल्सीत नदीकाठी सोफिया बूथ या बाईंच्या घरी राही. शेजाऱ्यांना तो कोण हे माहीत नव्हते. ते त्याला निवृत्त आरमारी अधिकारी समजत आणि त्याने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. १९ डिसेंबर १८५१ रोजी तो तिथेच वारला. त्याला सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात पुरले आहे.

मृत्युपत्रात त्याने आपली पूर्ण झालेली चित्रे देशाला दिली होती. नातेवाइकांनी दावा लावला. १८५६ मध्ये निकाल लागला की पैसे नातेवाइकांना आणि घरातली सगळीच चित्रे देशाला, पूर्ण, अपूर्ण, सगळी. तैलचित्रे तीनशेच्या आसपास. कागदावरची किती, तर वह्यांची पाने धरून तीस हजारांहून जास्त! जॉन रस्किन या टीकाकाराने १८५७ चा हिवाळा नॅशनल गॅलरीच्या तळघरात ही पाने वेगळी करण्यात घालवला. काही पानांवर बुरशी होती, काही उंदरांनी कुरतडली होती. त्याने ती साफ केली, चौकटींत बसवली आणि बंद पेट्यांत ठेवली.

बंद पेट्यांत का? इथे माझ्या मते टर्नरच्या गोष्टीतला सगळ्यांत अवघड भाग येतो.

गेरू किंवा निळा अल्ट्रामरीन ही खनिजे आहेत, दगडातून आलेली. उजेडात शेकडो वर्षे टिकतात. पण टर्नरला आवडणारे काही लाल आणि गुलाबी रंग सजीवांपासून केलेले होते. कार्माइन हा एका किड्यापासून, मॅडर हा आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांपासून. निळीचा रंगही झाडाचाच. उजेडातल्या शक्तीने या रंगांचे रेणू तुटतात आणि रंग फिका पडत जातो. तैलरंगात तेलाचे आवरण थोडे तरी राखण करते. जलरंगाचा थर इतका पातळ की राखायला काहीच नाही. त्या काळच्या पुष्कळ चित्रांत ढगांचा राखाडी रंग नीळ आणि तांबडी माती मिसळून केलेला असे. त्यातली नीळ उडाली आणि तांबडे राहिले. त्यामुळे मुळात पावसाळी असलेले आकाश आता गुलाबी दिसते आणि आपल्याला वाटते चित्रकाराने सूर्यास्त काढला आहे!

टर्नरला हे ठाऊक नव्हते असे नाही. रंग विकणाऱ्या विन्सर यांनी त्याला बजावले होते की हे रंग टिकणारे नाहीत. तुमचे काम रंग करण्याचे, वापरायचे कसे ते मी पाहीन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, असे सांगतात. मी यावर बराच विचार केला. आमच्या धंद्यात टिकणार नाही असे माहीत असलेला माल कोणी वापरला तर आपण त्याला बेजबाबदार म्हणू. पण त्याला त्या क्षणी जो लाल दिसला, तो दुसऱ्या कोणत्याच वडीत नव्हता. त्याने तो घेतला. त्याची किंमत आपण भरतो आहोत.

१८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने सिद्ध केले. रंगवलेल्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून महिनोन्‌महिने उन्हात ठेवल्या. दमट हवेतल्या पट्ट्या सगळ्यांत जास्त उडाल्या. हवा काढून घेतलेल्या नळीतल्या बहुतेक जशाच्या तशा राहिल्या. संग्रहालये तेव्हापासून जास्त सावध झाली.

जलरंगचित्रे जमवणारे हेन्री व्हॉन यांना हे आधीच कळलेले होते. त्यांच्याकडची टर्नरची जलरंगचित्रे १९०० साली मृत्युपत्राने वेगवेगळ्या संग्रहालयांना गेली. त्यांतली ३८ एडिंबराला आणि ३१ डब्लिनला. अट अशी की ती वर्षातून फक्त जानेवारी महिन्यात लावायची, कारण तेव्हा उजेड सगळ्यांत कमी असतो, आणि बघायला पैसे घ्यायचे नाहीत. ही प्रथा अजून पाळली जाते. २०२५ मध्ये टर्नरच्या जन्माला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा दोन्ही शहरांनी पहिल्यांदाच आपापली चित्रे अदलाबदल करून लावली. एरवी उरलेले अकरा महिने ती अंधारात असतात.

लंडनमध्ये पिम्लिकोजवळ टेट ब्रिटन संग्रहालयात क्लोर गॅलरी आहे. टर्नरच्या चित्रांसाठी ती १९८७ मध्ये उघडली. तैलचित्रे भरपूर दिसतील आणि प्रवेश मोफत. जलरंगांच्या दालनात दिवे मंद असतात आणि चित्रे अधूनमधून बदलतात. भिंतीवर नसलेले एखादे चित्र पाहायचे असेल तर आधी वेळ ठरवून जावे लागते. मग तिथले लोक पेटीतून काढून ते समोर ठेवतात. हात लावायचा नाही, पण नाक जवळ नेऊन बघता येते. नखाने खरडलेल्या जागा तिरक्या उजेडात छान दिसतात.

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एक काम. जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींवर तुमच्या पेटीतला प्रत्येक रंग ओळीने लावा आणि बाजूला पेन्सिलीने नाव लिहा. शाळेचा फेल्टपेनसुद्धा एक ओढा. एक पट्टी दक्षिणेकडच्या खिडकीत काचेला चिकटवा, दुसरी जाड पुस्तकात ठेवा. ॲक्रिलिक असेल तर त्याचीही एक रेघ असू द्या. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होईल तेव्हा दोन्ही पट्ट्या घेऊन या. आपण त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडू.